बनुबाईचे सहा आजार

खोटं लिहावं, पण त्याची ऑफिस कॉपी ठेवू नये. एवढी साधी गोष्ट सव्वीस वर्षांच्या फौजेनं माझ्या चुलत्यांना शिकवली नाही. त्या शनिवारी सकाळी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत, मी फोन कानाला लावून उभी होते आणि पलीकडून, साताऱ्याकडच्या आमच्या वाडीतून, अण्णा ओरडत होते.

"क्षमे, तुझ्या त्या एजंटानं बनुबाईचे आजार मोजले!"

"कुठले आजार? तिला एकच आहे. झडपेचा."

"ह्यो सहावा. आधीचे पाच मी केले हुते."

"तुम्ही केले म्हणजे?"

"आगं, लिवले हुते. रजेच्या अर्जात."

हे नीट सांगायला हवं.

अण्णा फौजेत कारकून होते. बंदूक चालवली ती परेडीपुरती. बाकी सव्वीस वर्षं टाइपरायटर. हवालदार होऊन घरी आले आणि चावडीशेजारच्या खोलीत टेबल मांडून बसले. आमची वाडी म्हणजे ऊस आणि शिपाई, दोनच पिकं. एक घर सोडून पुढच्या घरातलं पोरगं सरहद्दीवर. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या नावात चूक पडली, कुणाला रजा हवी, की लोक अण्णांच्या टेबलाशी. फी एक चहा, तोही बिनसाखरेचा. पण हाडात मुरलेली शिस्त अशी की लिहिलेल्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक पडायचा आणि प्रत ट्रंकेत जायची. तीन ट्रंका भरल्या होत्या. पिवळ्या कागदांत अख्खी वाडी घडी घालून ठेवल्यासारखी.

मी आणि माझा भागीदार अनीश 'हातभार' नावाचं सॉफ्टवेअर बनवतो. लहान कचेऱ्यांची पत्रं, फायली, तारखा सांभाळायचं. गेल्या वर्षी त्यात एआय एजंट घातले, कारण गेल्या वर्षी ज्यानं त्यानं घातले. एक जुने कागद वाचतो, एक पत्र लिहितो, एक त्या पत्रातली माहिती जुन्या कागदांशी ताडून बघतो, एक पाठवतो. घरचंच माणूस पहिलं गिऱ्हाईक असावं म्हणून मी अण्णांच्या खोलीत ते बसवलं.

"एजंट?" अण्णांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं. "कमिशन काय घेतोय?"

"काही नाही."

"मग लक्ष ठेव. फुकट राबणारा लय म्हागात पडतो."

दोन आठवडे वाडीत राहून मीच तिन्ही ट्रंका स्कॅन केल्या. वाचलं काहीच नाही. वाचायला एजंट होता की.

आणि तो होता नव्या सुनेसारखा. तारीख घालू का? घातली, बघता का? बघितलीत, पाठवू का? पाठवलं, कळवू का? अण्णा आठ दिवसांत कावले. "कर्नलसाबसुद्धा येवढं इचारत न्हवते गं. ते आपले सही ठोकून मोकळे." मीही कावले होते, कारण त्याच्या प्रत्येक प्रश्नासरशी अण्णा मला फोन करायचे. म्हणून मी एक सोय करून दिली. ज्या पत्रावर अण्णा 'नेहमीचं' अशी खूण करतील, ते एजंटानं स्वतःच तपासून, जोडायचं ते जोडून, न विचारता पाठवायचं. अण्णा खूश, मी मोकळी.

आता बनुबाई. वाडीतली, अण्णांच्या शेजारची. नवरा लवकर गेला. एकुलता शिवतेज फौजेत, नाईक झालेला, सध्या पार पूर्वेच्या डोंगरात. तिला चढ चढताना धाप लागायला लागली, पाय सुजले. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयाची झडप बदलावी लागेल, तीही लगेच. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. गावचं माणूस म्हणून ती माझ्याच घरी उतरली. ज्या बाईनं आयुष्यभर कुणाचं ओझं उचलायला नाही म्हटलं नाही, ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून मला म्हणाली, "क्षमाबाई, एवढा शिवतेज आला ना, की मग तुमी मला कापा न्हाईतर शिवा."

शुक्रवारी अण्णांनी वाडीतून तिचा अर्ज सोडला. आई अत्यवस्थ, हृदयाची शस्त्रक्रिया, मुलाची उपस्थिती आवश्यक. आणि वर खूण केली 'नेहमीचं'.

"का केलीत?" मी फोनवर किंचाळले.

"आगं, बनुबाईचा रजेचा अर्ज! माझ्या दप्तरात ह्याच्यापरीस न्हेमीचं काय हाय?"

मी संगणकावर पाठवलेलं पत्र उघडलं. अर्ज चोख होता. त्याखाली ताडून बघणाऱ्या एजंटानं प्रामाणिकपणे जोडलेली टीप होती. तिच्यात लिहिलं होतं की सदर माता यापूर्वी पाच वेळा अत्यवस्थ झाल्याची नोंद दप्तरात आहे. पहिल्यांदा चैत्रात, अज्ञात ताप. त्याच आठवड्यात गावची जत्रा होती. दुसऱ्यांदा कावीळ, त्याच आठवड्यात मुलगी रेश्मा हिचा विवाह, आणि विवाहाच्या मंडपाची परवानगी मागणाऱ्या अर्जावर सदर मातेचा अंगठा. तिसऱ्यांदा सर्पदंश, दुसऱ्याच दिवशी घराच्या स्लॅबसाठी वाळू मागणाऱ्या अर्जावर पुन्हा अंगठा. चौथ्यांदा डाव्या अंगाचा पक्षाघात. त्याच महिन्यात बैलगाडी शर्यतीच्या फॉर्मवर बैलाचे मालक म्हणून शिवतेज यांची सही. पाचव्यांदा खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर एकवीस दिवसांनी बचत गटाच्या महाबळेश्वर सहलीच्या यादीत सदर मातेचे नाव. 'वरील बाबींत विसंगती आढळते. कृपया अवलोकन व्हावे.' प्रत्येक ओळीपुढं अण्णांचा जावक क्रमांक.

हे सगळं शिवतेजच्या पलटणीला गेलं होतं.

अनीश माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं हनुवटी खाजवली. "तसं बघितलं तर त्यानं बरोबरच केलंय. जुन्या नोंदींशी ताडायचं हेच आपण त्याला सांगितलंय."

माझ्या हाताशी स्टेपलर होता. तो मी खाली ठेवला, हे त्या दिवशीचं माझं सगळ्यात मोठं काम.

दुपारी पलटणीच्या कचेरीतून हेडक्लार्कांचा फोन आला, तो अण्णांनी मला जोडून दिला. सुभेदार वीरधवल, माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडचे. आवाजात दुष्काळी भागाचा कोरडेपणा.

"अण्णा, आवं, हे काय केलंसा?"

"चूक झाली, साहेब."

"चूक कसली? पाच बारीला मीच फाईल फुडं सरकवली न्हवं? साप चावला तवा मला ठावं न्हवतं व्हय, की स्लॅब हाय म्हणून? माज्या आईला बी दोनदा चावलाय. तोंडी समदं समद्यास्नी ठावं असतं. साहेबास्नी बी आसंल. पर कागदावर आलं की त्याला कागद म्हणून बगाय लागतंय."

मी मध्ये तोंड घातलं. "सर, टीप मराठीत आहे. साहेबांना मराठी येत नसेल तर..."

"बाई, खाली इंग्रजी तर्जुमा जोडलाय. लय झ्याक केलाय. माज्यापरीस चांगला."

मी कपाळावर हात मारला. तो हेडक्लार्कांनाही ऐकू गेला असावा.

"सोमवारी शिवतेज साहेबाफुडं हुबा राहणार," ते म्हणाले. "पाच खोट्या रजांचा जाब हाय. सहावीचं साहेब काय म्हणत्याल ते मला सांगता याचं न्हाई. आणि सोमवारी न्हाई सुटला, तर बुधवारी तो सांगलीत पोचत न्हाई. विमान, रेल्वे, काय बी करा."

म्हणजे बनुबाई एकटी आत जाणार. मी आणि अण्णा बाहेर बसलो असतो, पण आम्ही म्हणजे कोण? एकानं खोटं लिहिलं, दुसरीनं ते पोचवलं.

मी सगळे एजंट बंद केले. चारही. बंद करताना प्रत्येकानं विचारलं, नक्की बंद करायचं का? मी चार वेळा हो म्हणाले, आणि चौथ्यांदा जरा मोठ्यानं.

रविवारी सकाळच्या एसटीनं अण्णा सांगलीला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहरा उतरलेला. बनुबाई माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, हातात लसूण. तिला सांगायचं नाही, असं अण्णांनी मला दारातच बजावलं. पण मी इतकी वैतागले होते की चहाचं आधण उतरायच्या आत सगळं सांगून टाकलं. ताप, कावीळ, साप, पक्षाघात, खुबा.

तिनं ऐकून घेतलं. लसणाची पाकळी तशीच चिमटीत.

"साप?" ती म्हणाली. "मला चावला?"

"चावला म्हणून लिवलं हुतं," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले.

"कुटं चावला?"

"उजव्या पायाला. घोट्याच्या वर."

बनुबाईनं उजवा पाय पुढं घेऊन बघितला. मग तिला हसू फुटलं. हसता हसता धाप लागली, धापेतून खोकला आला, मी पाठ चोळली, अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन ती म्हणाली, "अण्णा, मला निदान सांगायचं तरी हुतं. म्या जरा लंगडले आसते."

"आणि त्यो पक्षाघात?" मी म्हणाले. "काकू, तुम्ही बैलाच्या शर्यतीत नाचला होतात, त्याचा व्हिडिओ आहे."

"डावं अंग तवा बी नाचत न्हवतंच. उजव्यावरच नाचले."

मग तिचं हसू ओसरलं. लसूण बाजूला ठेवला, पदरानं हात पुसले.

"ल्योकाला साहेबाफुडं हुबा करत्यात व्हय? माझ्यापायी?"

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"अण्णा, काढा कागद. आता म्या सांगते, तुमी लिवा. ह्या बाईच्या यंत्रात नगं. तुमच्या हातानं."

अण्णांनी कागद काढला. वर तारीख घातली, विषय लिहिला, संदर्भाशी पेन अडखळलं. संदर्भ त्यांच्याच पाच खोट्या अर्जांचा होता. त्यांनी तो लिहिला. मग बनुबाई सांगत गेली, आणि त्यांनी पहिल्यांदाच तिची भाषा सरकारी केली नाही.

"साहेब, रामराम. मी बनुबाई, शिवतेजची आई. मला ताप न्हवता. जत्रा हुती. पालखीला खांदा द्यायला घरात बाप्या न्हवता. कावीळ न्हवती, लेकीचं लगीन हुतं. भावाबिगर तिला बोहल्यावर कशी चढवायची? सापाचं मला आत्ताच कळलं. स्लॅब हुता, गवंडी म्हणला, घरचा माणूस हुबा पायजे. बैलाचं तर तुमाला पोरानं सांगितलंच आसंल, पयला आला त्यो. ह्या चार बाऱ्या आमी कामापायी बोलवला."

ती थांबली. खिडकीबाहेर स्कूटरवर भाजीवाला ओरडत गेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

"पाचव्या बारीला काम न्हवतं. दिवाळी हुती. समद्यांची पोरं आली, माझा न्हाई. म्या ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. आण्णास्नी म्हणलं, काय बी लिवा."

आणि पुढं ती बोलायचं सोडून हळू म्हणायलाच लागली, जसं दळताना म्हणतात तसं:

*वाढून ठेविलं ताट, झाकिला वर भात,*
*वर्दीतल्या माझ्या बाळा, कवा धुशील तू हात.*

अण्णांचं पेन उचललेलं राहिलं. "बनुबाई, अर्जात ओवी बसत न्हाई. विषय, संदर्भ, महोदय. ओवी कुटं घालू?"

"महोदयच्या खाली घाला."

त्यांनी घातली.

"आता खरं सांगते. झडप गेलीया. गुरवारी कापणार हायती. कापल्यावर उठंन का न्हाई, डाक्टर सांगत न्हाई, देव बी सांगत न्हाई. पोराला शिक्षा द्यायची तर आल्यावर द्या. मी बसून ऱ्हाते तवर."

खाली अंगठा. मी पत्राचा फोटो काढून हेडक्लार्कांना पाठवला आणि दिवसभर फोन पालथा घालून ठेवला, कारण सुलटा ठेवला की बनुबाई त्याच्याकडं बघत बसायची.

सोमवारी साडेअकराला फोन आला. अण्णा, मी, अनीश, तिघंही कंपनीतल्या एका टेबलाभोवती. बनुबाई खुर्चीत, पाय स्टुलावर.

"साहेबांनी पत्र वाचलं," वीरधवल म्हणाले. "म्हणजे मी वाचून दाखवलं. ओवी बी. मग म्हणले, आईचं पत्र हाय, आई काय बी लिवंल. हवालदारावर इस्वास ठेवायचा तर पाच बारीला ठेवून बघितला."

अण्णांनी मान खाली घातली.

"मग?" मी विचारलं.

"मग त्यांनी ती टीप पुन्यांदा काढली. म्हणले, ह्या सगळ्यात एकच खरं बोलनारा दिसतोय. सोताच्या मालकाच्या इरुद लिवतोय म्हणजे त्याला कुणाची भीड न्हाई. त्याच्याकडनं तपासून घ्या. त्यानं दवाखान्याचे कागद बगून 'खरं' म्हणलं, तर मी सही करतो. दुपारी तीनच्या आत."

मी अनीशकडं बघितलं. तो छताकडं बघत होता, म्हणजे हसू दाबत होता.

दोन दिवसांपूर्वी जे मी चार वेळा हो म्हणून बंद केलं होतं, ते मला चालू करावं लागलं. पुन्हा चार वेळा हो. मग दवाखान्याचे सगळे कागद त्याला दिले: तपासण्या, डॉक्टरांची चिठ्ठी, भरतीची तारीख. मनात म्हटलं, आता तरी गुमान लिही बाबा. पण तो कसला ऐकतोय. प्रश्न सुरू. मी मोठ्यानं वाचायची, बनुबाई उत्तर द्यायची.

"रुग्ण सध्या आधाराशिवाय चालू शकतो का?"

"धा पावलं. अकराव्याला बसते."

"यापूर्वीच्या सर्पदंशावर उपचार कोठे झाले?"

"आरं मुडद्या, चावलाच न्हाई तर!"

मी तेवढंच लिहिलं, पहिले दोन शब्द वगळून. एजंट म्हणाला, नोंद घेतली. इतर चार आजारही झाले नव्हते, असे समजावे का? तसे असल्यास अर्ज लिहिणाऱ्या व्यक्तीने पुष्टी करावी.

घड्याळात पावणेदोन. अण्णा उठले. शर्ट खाली ओढला, माझ्या खुर्चीत बसले आणि एका बोटानं लिहायला लागले. त्यांना दहाही बोटांनी लिहिता येतं, सव्वीस वर्षं लिहिलंय. पण त्या दिवशी एकाच बोटानं. 'होय. पाचही अर्ज मी जाणूनबुजून खोटे लिहिले. शिवतेज किंवा त्याच्या आईचा दोष नाही. हवालदार क्लार्क, निवृत्त.' मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्याला जावक क्रमांक टाक."

"अण्णा, कशाला आता?"

"टाक म्हणतो न्हवं."

मी टाकला.

एजंटानं टीप लिहिली. पाचही आजार खोटे असल्याचं सगळ्यात वर, ठळक. त्याखाली: सहावा आजार तीन स्वतंत्र कागदांवरून सिद्ध होतो, शस्त्रक्रिया न टाळता येणारी आहे, रुग्णास मुलाखेरीज जवळचा पुरुष नातेवाईक नाही, मुलगी रेश्मा बाळंतीण आहे. शेवटी त्यानं विचारलं की सोबतच्या पत्रातल्या दोन यमक असलेल्या ओळी विषयाशी संबंधित वाटत नाहीत, काढाव्यात का? मी 'नाही' इतक्या जोरानं दाबलं की अनीश म्हणाला, कीबोर्ड नवा आहे.

अडीचला पत्र गेलं. चारला उत्तर आलं, एका ओळीचं: आठ दिवस.

मंगळवारी अण्णा वाडीला परतले. संध्याकाळी मी सहज फोन केला तर मागं बाईचा आवाज येत होता. पल्लवी, खालच्या आळीची, नवरा काश्मीरकडं. चैत्र पुढ्यात होता. "आवं अण्णा, सासूबाईस्नी जरा काय तरी..."

"न्हाई," अण्णा म्हणत होते. "सासूचे हातपाय धड ऱ्हाऊ दे. जत्रा हाय तर जत्रा हाय म्हणून लिवू. दिली तर दिली."

"जत्रंसाटी कोण देतंय रजा?"

"न्हाई देत," अण्णा म्हणाले. वाडीतल्या सगळ्या बायकांचा एक चोरदरवाजा होता, आणि तो मी दिवे लावून, पाटी लावून बंद केला होता. पल्लवीच्या चपला फरशीवरून लांब जाताना ऐकू आल्या.

शिवतेज बुधवारी रात्री नाही, गुरुवारी पहाटे पोचला. गाडी तीन तास उशिरा. मी त्याला स्टेशनवरून थेट दवाखान्यात नेलं. वाटेत त्यानं एवढंच विचारलं, "ताई, म्हातारी घाबरलीया का?" मी म्हणाले, तुझ्यासाठी घाबरली होती. त्यानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बनुबाईला आत न्यायची तयारी चालली होती. हिरवा झगा, डोक्याला टोपी, कानातलं काढून माझ्या रुमालात. शिवतेज दारात थबकला. एवढा सहा फुटी गडी, पाठीवरचा पिट्टू उतरवायचं विसरला. ती त्याच्याकडं बघत राहिली, रागावल्यासारखी.

"वाळलास."

"तू बी."

"दाढी कशापायी वाढवलीस? साहेब वरडला का लय?"

"वरडला. मग म्हणला, जा. तुझी ओवी त्यानं कुणाकडनं तरी इंग्रजीत करून घेतली. मला म्हणाला, हात धुवून जेव आधी."

बनुबाईनं तोंडावर पदर घ्यायला हात नेला, पण झग्याला पदर कुठला. हात तसाच हवेत राहिला. तो शिवतेजनं धरला.

तेवढ्यात एक नर्स फॉर्म घेऊन आली. घाईत होती, मान वर न करता विचारलं, "पेशंटसोबत कोण? नातं काय? ओळखपत्र आणलंय का?"

शिवतेज खिसे चाचपायला लागला.

"ल्योक हाय माझा," बनुबाई म्हणाली. "हितं हाय, हुबा. कागुद नंतर बगा. आधी हात लावून बगा, बाई. खरा हाय."